पिंग लागतो पण फोल्डर उघडत नाही

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये गंमत झाली, निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची निघाली. घरात एक म्हातारा कॉम्प्युटर आहे, एक नवा आलाय, आणि दोघांची काही केल्या ओळख होत नाहीये. म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आज फक्त हेच घेते. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तरही मोठंच होणार, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार, माझ्याकडे २००४ सालचा डेस्कटॉप आहे, विंडोज एक्सपी, अजून चालतो. त्यात मुलीच्या लहानपणचे फोटो, बाबांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी, जुने ईमेल असं सगळं मिळून ४० जीबी तरी असेल. आता विंडोज ११ चा लॅपटॉप घेतलाय. डेस्कटॉप केबलने राउटरला आणि लॅपटॉप वायफायने त्याच राउटरला. डेस्कटॉपवर फोल्डर शेअर केला, वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडे सारखं केलं, लॅपटॉपवरून पिंग मारला ('आहेस का' अशी हाक) तर उत्तर येतं, पण नेटवर्कमध्ये जुना दिसतच नाही आणि पत्ता हाताने टाकला तर हा शेअर सुरक्षित नाही, एसएमबी१ लागतं असं काहीतरी येतं. एका व्हिडिओत सांगितलं की एसएमबी१ चालू करा आणि फायरवॉल बंद करा. करू का?

उत्तर : फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी) बंद करू नका. आधी हे वाचा मग बाकीचं.

पिंग लागतोय म्हणजे तुमची केबल ठीक, कार्ड ठीक, राउटर ठीक, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ठीक. लोक इथेच फसतात, पुन्हा पुन्हा केबल काढतात घालतात, वर्कग्रुपचं नाव बदलत बसतात. वर्कग्रुपचं नाव सारखं असलं काय नसलं काय, आयपी टाकून उघडताना त्याने फरक पडत नाही, ते फक्त यादीत एकत्र दिसण्यापुरतं असतं (एक्सपी होममध्ये ते मुळातच एमएसहोम असायचं आणि प्रोमध्ये वर्कग्रुप, त्यावरून तेव्हाही लोकांनी डोकी फोडून घेतलीत). तुमच्याकडे रस्ता आहे, दोघांची बोली जुळत नाहीये एवढंच.

ती बोली म्हणजे एसएमबी. विंडोजमध्ये फोल्डर शेअर करतो तेव्हा मागे हीच चालते. मूळ १९८० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली, पुढे मायक्रोसॉफ्टने उचलून वाढवली. एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी व्हिस्टाबरोबर आली आणि एक्सपीला ती कधी शिकवलीच नाही. आणि नव्या विंडोजने पहिली टाकून दिली, विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून म्हणजे २०१७ च्या ऑक्टोबरपासून. त्यातही एक खोच आहे, १० च्या होम आणि प्रोमध्ये पहिल्या आवृत्तीचा क्लायंट सुरुवातीला असायचा पण १५ दिवस वापरला नाही की आपोआप निघून जायचा. मला बऱ्याच जणांनी लिहिलंय की 'नवा आणला तेव्हा जुना दिसत होता हो, मग महिन्याने गायब झाला', त्याचं कारण हे, तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं.

टाकून का दिली तर २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय आठवतं का? १२ मे ला सुरू झालं, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं. ते एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उडी मारायचं ते याच एसएमबी१ मधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्चमध्येच दिला होता पण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला, तरी शेवटी परिस्थिती बघून त्यांना एक्सपीसाठीही पॅच काढावा लागला. तर तो इशारा उगीच घाबरवायला नाहीये.

आता मुद्द्याचं, आणि हे त्या व्हिडिओवाल्याने सांगितलं नसणार. एसएमबी१ ही एकच गोष्ट नाही, तिचे दोन भाग आहेत, क्लायंट आणि सर्व्हर. क्लायंट म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन वस्तू आणणारा, सर्व्हर म्हणजे आपलं दार उघडून बसणारा. वॉनाक्राय शिरलं ते उघड्या दारातून, म्हणजे सर्व्हरमधून. तुम्हाला फाइली जुन्याकडून नव्याकडे आणायच्या आहेत, मग दार जुन्याने उघडावं, नव्याने फक्त जाऊन यावं, नव्याला सर्व्हर लागतच नाही. विंडोज फीचर्सच्या यादीत एसएमबी १.० नावाच्या ओळीपुढचं अधिकचं चिन्ह दाबलं की आत तीन खुणा दिसतात, आपोआप काढून टाकणारा, क्लायंट आणि सर्व्हर. लोक वरच्या ओळीवर टिक मारतात आणि तिन्ही चालू होतात. तसं नाही, फक्त क्लायंटवर टिक, काम झालं की तीही काढा.

पण खरं सांगू का, तुमच्या जागी मी असते तर एवढंही केलं नसतं. कारण क्लायंट चालू करून भागत नाही, पुढे पासवर्डची भानगड येते. एक्सपी प्रोमध्ये सिंपल फाइल शेअरिंग नावाची टिक असते, ती असेपर्यंत बाहेरून येणारा प्रत्येकजण त्याच्यासाठी गेस्ट, तुम्ही कितीही बरोबर नाव-पासवर्ड द्या. एक्सपी होममध्ये तर ती टिक काढताच येत नाही. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही (घरात कोण ठेवतो!) त्या खात्याने एक्सपी नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. शिवाय विंडोज ११ प्रोमध्ये २०२४ च्या २४एच२ अपडेटपासून एसएमबी साइनिंग (प्रत्येक निरोपावर ओळखीची सही) सक्तीचं झालंय, म्हणजे एक गाठ सोडवली की दुसरी. जुन्यासाठी नव्याच्या एकेक सेटिंग खाली आणत जायचं आणि नंतर कुठलं कुठलं बदललं होतं तेच आठवत नाही, असं होतं.

त्यापेक्षा उलटं करा. नव्यावर एक एफटीपी सर्व्हर बसवा, फाइलझिला सर्व्हर फुकट आहे, आणि जुन्याला सांगा की बाबा तूच आणून टाक. एफटीपी ही बोली दोघांपेक्षाही म्हातारी, १९७१ पासूनची, आणि एक्सपीला ती जन्मतः येते, जुन्यावर काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. हा मोठा फायदा, कारण एक्सपीवर आता काही डाउनलोड करायचं म्हटलं तर निम्म्या साइट त्याच्या ब्राउझरमध्ये उघडतच नाहीत.

लॅपटॉपवर एक रिकामा फोल्डर करा, फाइलझिलात एक युजर करा, त्याला त्याच फोल्डरवर लिहायची परवानगी द्या, दुसऱ्या कशावर नाही. साधा एफटीपी चालू ठेवा कारण एक्सपीला एन्क्रिप्शनवालं जमणार नाही. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून कुठेही न वापरलेला काहीतरी टाकाऊ पासवर्ड द्या. लॅपटॉपचं वायफाय प्रायव्हेट म्हणून नोंदलेलं आहे ना बघा, पब्लिक असेल तर फायरवॉल कुणालाच आत घेणार नाही, आणि फायरवॉल परवानगी विचारेल तेव्हा फक्त प्रायव्हेटला हो म्हणा.

मग जुन्यावर माय कॉम्प्युटर उघडा, ब्राउझर नाही हं, माय कॉम्प्युटर, आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत एफटीपी, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि लॅपटॉपचा आयपी, समजा १९२.१६८.१.२० (टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे). फाइल मेनूत लॉगिन अ‍ॅज आहे तिथे नाव पासवर्ड. एक रिकामी खिडकी उघडेल, ती लॅपटॉपवरचाच तुमचा फोल्डर. आता फोटोंचा फोल्डर उचलायचा आणि त्यात सोडायचा. खिडकी उघडायलाच खूप वेळ लावत असेल तर इंटरनेट ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली पॅसिव्ह एफटीपी वापरा अशी टिक असते ती आहे का बघा, नसली तर एक्सपीचं स्वतःचंच फायरवॉल आडवं येऊ शकतं.

फाइलींची नावं देवनागरीत असतील तर थांबा, एक्सपीचं एफटीपी युनिकोड नावांचं वाटोळं करतं, सगळी प्रश्नचिन्हं होतात. एक्सपीचं स्वतःचं झिपसुद्धा अशा नावांना नाही म्हणतं. त्यासाठी सेव्हन-झिपने आधी गठ्ठा बांधा (ते छोटं इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून न्या), गठ्ठ्याचं नाव इंग्रजीत द्या आणि तो पाठवा. नावं इंग्रजीत असली तरी हजारो बारीक फाइली असतील तर गठ्ठाच बरा, एकेक बारीक फाइल पाठवण्यात पाठवण्यापेक्षा 'घेतली का, घेतली' यातच वेळ जातो.

वेळ किती लागेल? तुमच्या २००४ च्या कार्डाचा वेग बहुधा १०० एमबीपीएस. हे मेगाबिट, मेगाबाइट नाही, आठाने भागा, साडेबारा, त्यात वरखर्च जाऊन सेकंदाला ११ एमबी धरा. ४० जीबीला एक तास. जुनी डिस्क रडतखडत वाचत असेल तर दोन. डेस्कटॉप केबलवर आहे ते फार छान, केबलवरच ठेवा. लॅपटॉप वायफायवर असला तर चालेल पण राउटरजवळ आणून ठेवा.

आणि डिस्कचं वय २० च्या पुढे आहे हे विसरू नका. म्हणून क्रम असा, आधी बाबांच्या आठवणी (त्या काही एमबीच असतील, मिनिटात जातील), मग फोटो, बाकीचं नंतर. कडकड असा नियमित आवाज येत असेल तर गठ्ठे बांधत बसू नका, सरळ महत्त्वाचं तेवढं ओढा. झाल्यावर दोन्हीकडे फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि फाइलींची संख्या आणि साइज ताडून बघा. 'साइज ऑन डिस्क' वेगळी दिसेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका, वरची साइज बाइटपर्यंत जुळली पाहिजे. ते होईपर्यंत जुन्यातलं काही डिलीट करायचं नाही.

ईमेलचं राहिलं. आउटलुक एक्सप्रेस असेल तर मेल माय डॉक्युमेंट्समध्ये नसतात, लपवलेल्या फोल्डरमध्ये डीबीएक्स नावाच्या फाइलींत असतात, टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स, स्टोअर फोल्डर इथे त्यांचा खरा पत्ता मिळतो. बरेच जण माय डॉक्युमेंट्स घेतात, जुना कॉम्प्युटर देऊन टाकतात आणि मग मला लिहितात.

हो, आणि जुना नेटवर्कवर आहे म्हणजे तो इंटरनेटवरही आहे, ते मला खटकतंय. यावर एक सोपा इलाज आहे. एक्सपीमध्ये लोकल एरिया कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयपी हाताने टाका, १९२.१६८.१.५० वगैरे, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे व डीएनएसच्या जागा रिकाम्या सोडा. गेटवे म्हणजे घराबाहेर जायचं दार, तेच माहीत नसलं की तो घरातल्या घरात सगळ्यांशी बोलेल पण बाहेर जाऊ शकणार नाही. तुमच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर त्याप्रमाणे घ्या, आणि दुसऱ्या कुणाला दिलेला आकडा नको, नाहीतर दोघंही भांडतील.

प्रश्न : माझ्याकडे राउटर नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं. दोन कॉम्प्युटरमध्ये सरळ केबल लावली तर जुन्यावर पिवळा त्रिकोण येतो, लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी. केबल बदलून पाहिली, तेच. क्रॉस केबल लागते का?

उत्तर : त्या पिवळ्या त्रिकोणाने जेवढ्या चांगल्या केबली कचऱ्यात गेल्या असतील! त्याचा अर्थ केबल खराब असा नाहीच. केबल खराब असेल तर 'केबल अनप्लग्ड' म्हणून लाल फुली येते. पिवळा त्रिकोण म्हणजे तार जोडलेली आहे पण आयपी वाटणारं कुणी भेटलं नाही. आयपी वाटायचं काम राउटर करतो आणि तुमच्याकडे तो नाही. मग विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता लावून घेतं आणि तोंड वाकडं करून बसतं. खरं म्हणजे दोन्हीकडे १६९.२५४ आलं तर तसंही काम चालतं, पण हाताने दिलेलं बरं. जुन्याला १९२.१६८.५०.१, नव्याला १९२.१६८.५०.२, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०, बाकी जागा रिकाम्या. मग वरच्या उत्तरातलं एफटीपी जसंच्या तसं. एक करा, नव्या विंडोजला हे गेटवे नसलेलं कनेक्शन अनोळखी वाटतं आणि ते त्याला पब्लिकमध्ये टाकतं, ते प्रायव्हेट करून घ्या. आणि काम झाल्यावर नव्यावरची आयपी परत ऑटोमॅटिकवर न्यायला विसरू नका, नाहीतर पुढे कधीतरी कुठल्या राउटरला केबल लावाल आणि नेट का नाही म्हणून शोधत बसाल.

क्रॉस केबल फक्त दोन्ही कार्डं जुनी असतील तरच. गिगाबिट कार्ड स्वतःच ओळखून तारा उलटसुलट करून घेतं, आणि दोनपैकी एकाला ते जमलं तरी पुरतं, तुमचा नवा आहे म्हणजे बहुतेक साधीच केबल चालेल. ओळखायचं असेल तर केबलची दोन्ही टोकं शेजारी शेजारी, क्लिप खाली करून धरा आणि पारदर्शक प्लगमधून आतल्या तारांचे रंग बघा, दोन्हीकडे क्रम सारखा तर साधी, केशरी आणि हिरव्याची अदलाबदल दिसली तर क्रॉस.

माझं स्वतःचं सांगते. एकदा अशीच दोन मशीनं जोडत होते, पिंग दोनदा लागायचा मग चारदा नाही, परत एकदा लागायचा. मी आयपी बदलले, ड्रायव्हर बदलला, एका मशीनचं फायरवॉल नव्याने लावलं, दुपार गेली. शेवटी टेबलाखाली टॉर्च घेऊन गेले तर जुन्याच्या मागे प्लगवरची ती प्लास्टिकची छोटी जीभ तुटलेली, प्लग नुसता भोकात टेकलेला, पंख्याच्या थरथरीने हिरवा दिवा लागतोय विझतोय. कागदाची घडी करून वर पाचर मारली आणि रात्रीपर्यंत सगळा डेटा आला. तेव्हापासून मी आधी दिवा बघते मग स्क्रीन.

प्रश्न : २००५ चा लॅपटॉप आहे, एक्सपी सर्व्हिस पॅक २. नवा राउटर बसवल्यापासून त्याला घरचं वायफाय दिसतच नाही, शेजाऱ्यांची मात्र दिसतात. मधे एकदा दिसलं तर पासवर्ड घेईना.

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. दिसत नाही कारण तुमच्या लॅपटॉपचं कार्ड बहुधा २.४ गिगाहर्ट्झचंच आहे, आणि नव्या राउटरवर एक तर फक्त ५ चालू असेल किंवा २.४ चं नाव वेगळं असेल किंवा ते १२-१३ नंबरच्या चॅनेलवर गेलं असेल, काही जुनी कार्डं ११ च्या पुढे बघतच नाहीत. राउटरमध्ये जाऊन २.४ चालू करा, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक ठेवा.

पासवर्ड घेत नाही कारण राउटर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वायफायला लावायची कुलपं) मागतोय. सर्व्हिस पॅक २ ला मुळात डब्ल्यूपीए२ येत नाही, त्यासाठी वेगळा पॅच होता, सर्व्हिस पॅक ३ मध्ये ते आत आलं. डब्ल्यूपीए३ २०१८ चं, ते एक्सपीला कधीच जमणार नाही, त्यामुळे राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर २ आणि ३ मिश्र असा पर्याय निवडा. पण कुणी सांगितलं की जुन्यासाठी डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप लावा तर मुळीच ऐकू नका, ते २००१ मध्येच फुटलंय, एका म्हाताऱ्या लॅपटॉपसाठी अख्ख्या घराचं वायफाय उघडं टाकायचं काही कारण नाही.

अजून एक, काहीजण हुशारी करून जुन्याला राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाकतात. सुरक्षेच्या दृष्टीने चांगलंच आहे, पण गेस्टवरच्या मशीनांना बहुतेक राउटर घरातल्या बाकी मशीनांशी बोलू देत नाहीत, त्यामुळे पिंगसुद्धा लागणार नाही आणि तुम्ही पुन्हा मला लिहाल.

तुमचं काम फक्त फाइली हलवायचं असेल तर हे सगळं सोडा आणि केबल लावा. ५४ एमबीपीएस लिहिलेल्या जुन्या वायफायवर प्रत्यक्षात २० च्या आसपास मिळतात, वरच्या पत्रातले ४० जीबी त्यावर साडेचार तास घेतील आणि मधेच तुटलं तर अजून.

प्रश्न : पेनड्राइव्हने का नाही करायचं? एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : करा की! थोडा डेटा असेल तर तेच शहाणपणाचं. फक्त जुन्याचं यूएसबी १.१ असेल तर सेकंदाला जेमतेम एक एमबी, ४० जीबीला ११ तास, मग केबल परवडली. पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारे फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी एकही फाइल त्यावर बसत नाही, जागा रिकामी असूनही 'जागा नाही' म्हणतो, आणि एक्सफॅट केला तर एक्सपीला पॅचशिवाय वाचता येत नाही. एनटीएफएस करा, दोघंही वाचतात.

प्रश्न : डेस्कटॉप चालूच होत नाहीये, डिस्क काढून नव्याला लावता येईल का?

उत्तर : येईल. जुन्या डिस्कला रुंद चपटी पट्टीसारखी केबल असेल तर ती आयडीई, त्यासाठी आयडीई ते यूएसबी अ‍ॅडॅप्टर मिळतो. डेस्कटॉपच्या डिस्कला १२ व्होल्ट वेगळे लागतात, यूएसबीतून ते मिळत नाहीत, म्हणून अ‍ॅडॅप्टरबरोबर पॉवरची वेगळी वीट असलेलाच घ्या. डिस्कच्या मागचा छोटा जंपर मास्टरवर ठेवा. नव्याने 'परवानगी नाही' म्हटलं तर घाबरू नका, फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतली की उघडतो.

फक्त एक गोष्ट, एक्सपीत काही फाइलींची नावं हिरव्या अक्षरात दिसायची का आठवतंय? असतील तर त्या एन्क्रिप्ट केलेल्या आहेत आणि मालकी घेऊनही उघडणार नाहीत, त्यांची किल्ली जुन्या खात्यात आहे. तसं असेल तर तो डेस्कटॉप एकदा तरी चालू करावाच लागेल, पॉवर सप्लाय बदलून बघा, बऱ्याचदा तोच गेलेला असतो. ज्यांचा जुना अजून चालतोय आणि हिरवी नावं आहेत त्यांनी त्याच खात्यात लॉगिन करून एफटीपीने पाठवा, जाताना त्या आपोआप उघड्या होऊन जातात.

प्रश्न : सगळं आलं, पण बाबांची मराठी पत्रं नव्यावर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झाली का?

उत्तर : नाही नाही, जशीच्या तशी आहे. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत, तो फॉन्ट असला की मराठी दिसतं, नसला की कचरा. म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही आणायचा, जुन्यावर विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, वर्डमध्ये पत्र उघडून फॉन्टचं नाव बघा आणि त्या नावाची टीटीएफ फाइल घेऊन नव्यावर इन्स्टॉल करा. लगेच वाचता येईल. पण कायमचं ठेवायचं तर ते पुरत नाही, शोध लागत नाही, मोबाइलवर दिसत नाही. त्या त्या फॉन्टचे युनिकोड कन्व्हर्टर असतात, त्यातून काढा आणि मूळ पत्राशी एकदा डोळ्यांनी ताडा, रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. जुना कॉम्प्युटर घरातून घालवण्याआधी प्रत्येक पत्राची एक छापील प्रत किंवा स्क्रीनचा फोटो ठेवा, कन्व्हर्ट करताना एखादा शब्द लागेना तर तोच उपयोगी पडतो.

प्रश्न : जुन्या एक्सपीला मोठ्या प्लगचा लेझर प्रिंटर जोडलाय, अजून सुंदर छापतो. लॅपटॉपवरून त्यावर छापता येईल का? शेअर केला पण नव्याला चालत नाही.

उत्तर : प्रिंटर शेअरिंगही एसएमबीवरूनच जातं, म्हणून पहिल्या पत्रासारखंच अडतं. पण इथेही वळसा आहे. एक्सपीमध्ये विंडोज कंपोनंट्समध्ये 'प्रिंट सर्व्हिसेस फॉर युनिक्स' आहे, ते टाका, एक्सपीच्या फायरवॉलमध्ये ५१५ नंबरचा पोर्ट उघडा. नव्यावर विंडोज फीचर्समध्ये 'एलपीआर पोर्ट मॉनिटर' चालू करा, मग प्रिंटर जोडताना एलपीआर पोर्ट निवडून जुन्याचा आयपी आणि शेअरचं नाव द्या. एसएमबी१ कुठेच लागत नाही.

ड्रायव्हरला मात्र ठेच लागेल. एक्सपीचा ड्रायव्हर ३२ बिटचा, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, जुना ड्रायव्हर जाणारच नाही. प्रिंटर पीसीएल ही प्रिंटरांची बोली समजणारा असेल तर त्याच कंपनीचा सर्वसाधारण पीसीएल ड्रायव्हर लावा, पानं येतील, ट्रेची निवड वगैरे येईलच असं नाही. आणि प्रिंटर फक्त विंडोजच्या भरवशावर चालणाऱ्या जातीचा असेल, ज्याला स्वतःला काहीच कळत नाही, तर लॅपटॉपवर पीडीएफ करा, जुन्यावर पाठवा आणि तिथून छापा, उगाच रात्र घालवू नका.

प्रश्न : ताई, माझा विंडोज ९८ आहे, हसू नका.

उत्तर : हसत नाही. त्यात नेटवर्क कार्ड आणि टीसीपी/आयपी असेल तर एफटीपी तिथेही आहे, फक्त काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून. एफटीपी, जागा, नव्याचा आयपी, नाव, पासवर्ड, मग बायनरी हा शब्द टाइप करून एंटर (हा विसरलात तर फोटो पोहोचतात पण उघडत नाहीत), मग पुट आणि फाइलचं नाव. एकेक नको असेल तर एमपुट आणि चांदणी, आणि प्रत्येक फाइलला हो म्हणायचा कंटाळा येईल म्हणून त्याआधी प्रॉम्प्ट टाइप करा. एमपुट पोटातले फोल्डर घेत नाही, त्यामुळे फोल्डर असतील तर आधी गठ्ठा. पेनड्राइव्हच्या मागे लागू नका, ९८ ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो आणायला पेनड्राइव्हच लागतो. कार्ड नसेल तर पुन्हा लिहा, मागच्या बाजूला कुठले कुठले प्लग आहेत त्याचा फोटो जोडून.